दाढीवरचा कर आणि धानाची वाटणी

तितू मीर हे नाव अलीकडे आपल्या मुलांच्या मोबाईलवर बरंच फिरतं. मागे नशीद वाजते, घोड्यावर एक दाढीवाला स्वार, हातात उपसलेली तलवार, आणि खाली कुठला तरी भारदस्त किताब. कुणी त्यांना ‘शेर-ए-बंगाल’ही करून टाकतं. तो किताब फजलुल हक यांचा, आणि ते शंभर वर्षांनंतरचे. पण रील बनवणाऱ्याला घाई असते. दुसऱ्या छावणीतल्या मोबाईलवर हाच माणूस हिंदूंवर चाल करून गेलेला वहाबी दंगेखोर म्हणून फिरतो. लाईक दोन्हीकडे भरपूर. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सापडत नाही: हा माणूस कुणाच्या शेतात उभा होता, आणि त्या शेतातलं धान कुणाच्या कोठारात जात होतं.

हा लेख त्या धानाबद्दल आहे. आपल्या समाजाला इतिहास सांगायचा म्हटलं की आपण बादशहा काढतो, नवाब काढतो, फारच झालं तर एखादा सूफी काढतो. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे, विणणारे, पिंजणारे, गावकीची कामं करणारे होते. त्यांचा इतिहास आपण विरोधकांना फुकट देऊन टाकला आहे, आणि विरोधक त्यातून ‘दंगल’ एवढाच शब्द उचलतात.

आधी तितू मीर यांच्यापासूनच सुरुवात करू. मूळ नाव सय्यद मीर निसार अली, जन्म १७८२, बंगालच्या चोवीस परगण्यातला. तरुणपणी पैलवान, काही काळ जमीनदाराकडे लाठी घेऊन चाकरी. पुढे हज झाली, सय्यद अहमद बरेलवी यांची भेट झाली आणि गावी परतून त्यांनी शेतकरी आणि विणकरांमध्ये काम सुरू केलं. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने सरकारचा सारा ठरवून टाकला होता. जमीनदाराने रयतेकडून काय उकळावं याला मात्र लगाम नव्हता. खंडाच्या वर ‘आबवाब’ नावाची वसुली चाले. जमीनदाराच्या घरी लग्न निघालं, पूजा निघाली की त्याचा खर्च कुळांच्या माथी. पुंडा गावच्या कृष्णदेव राय या जमीनदाराने त्यात एक नवी बाब घातली: तितू मीर यांच्या अनुयायांच्या दाढीवर माणशी अडीच रुपये कर.

आता हा कर धर्मावरचा हल्ला होता की आर्थिक लूट? आपले वक्ते म्हणतात धर्मावरचा हल्ला. डावे अभ्यासक म्हणतात मूळ प्रश्न आर्थिक, धर्म वरवरचा. शेतात राबणाऱ्या माणसाला ही फोड करता येत नसते. त्याच्या चेहऱ्याचा अपमान आणि त्याच्या कनवटीचे पैसे ही एकाच वहीत, एकाच कारकुनाने, एकाच ओळीत लिहिलेली गोष्ट होती. धर्माने त्याला ताठ उभं राहायला शिकवलं आणि उभं राहिल्यावर त्याला समोर वसुली करणारा दिसला. यात वरचं काय आणि खालचं काय?

१८३१ मध्ये नारकेलबेरिया इथे बांबूचा किल्ला उभा राहिला. १९ नोव्हेंबरला कंपनीच्या फौजेने तोफा लावून तो पाडला. तितू मीर लढताना मारले गेले, त्यांचे सेनापती गुलाम मासूम यांना फाशी झाली. त्याआधी पुंड्याच्या बाजारात तितूंच्या माणसांनी गाय कापून देवळाची विटंबना केली, हेही घडलेलं आहे. ते लपवू नका. जो इतिहास लपवून सांगावा लागतो तो आपल्या काही कामाचा नाही. पण त्या एका दिवसात संपूर्ण उठाव कोंबून टाकणाऱ्यांना विचारा की मग निळीच्या कोठ्या का लुटल्या गेल्या? निळीच्या गोऱ्या मालकाला कुठलं देऊळ होतं?

फरीदपूरकडे याच काळात हाजी शरीयतुल्लाह काम करत होते. सुमारे वीस वर्षं अरबस्तानात राहून ते परतले. फर्ज पाळा, बाकी सगळं सोडा, म्हणून त्यांची चळवळ ‘फराइजी’. त्यांचे चिरंजीव मुहसिनुद्दीन, म्हणजे दुदू मियाँ (१८१९-१८६२), यांनी या चळवळीला शेतकऱ्यांचं संघटन केलं. गावोगाव खलिफा नेमले, तंट्यांसाठी पंचायती बसवल्या, कुणावर जमीनदाराचे लठैत आले तर शेजारचं गाव धावून जाईल अशी व्यवस्था लावली. त्यांची शिकवण अशी होती की जमीन अल्लाहची आहे, आणि वारशाने ती बळकावून तिच्यावर कर बसवायचा हक्क कुणालाच नाही. १८४६ मध्ये त्यांच्या माणसांनी पांचचर इथली डनलॉप नावाच्या निळवाल्याची कोठी उद्ध्वस्त केली. सरकारने खटल्यावर खटले भरले. १८५७ आलं तेव्हा खबरदारी म्हणून दुदू मियाँना आत टाकलं.

‘जमीन अल्लाहची’ हे वाक्य आपल्या जलशांत हजारदा ऐकू येतं. त्याचा पुढचा भाग, म्हणजे मग जमीनदाराने त्यावर वसुली कशी करायची, हा मात्र मंडपात कुणी उच्चारत नाही. कारण मंडपाचा खर्च बहुधा जमीनवाल्याने केलेला असतो.

इथे एक फिकहची गोष्ट सांगतो. मी आलिम नाही, फतवा काढत नाही. पण हे मदरशातल्या पहिल्या काही वर्षांच्या पुस्तकांत आहे. पिकाच्या वाट्यावर जमीन कसायला देण्याला मुजारअत म्हणतात. इमाम अबू हनीफा यांनी ती नाजायज मानली. रोख भाड्याने जमीन देणं त्यांना मान्य होतं. पण जे पीक अजून उगवलेलंच नाही, किती येईल ठाऊक नाही, त्याचा हिस्सा मोबदला म्हणून ठरवणं मान्य नव्हतं. त्यांचेच दोन शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी ती जायज ठरवली, खैबरच्या जमिनी निम्म्या वाट्यावर दिल्याचा दाखला देऊन, आणि हनफी व्यवहार पुढे त्यांच्याच मताने चालला. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई. इमाम शाफई यांनीही नुसती मुजारअत मान्य केली नाही, बागेच्या बटाईला जोडून असेल तेवढीच केली. कोण बरोबर हा वाद आलिमांनी करावा. मला एवढंच दिसतं की कसणाऱ्याला किती आणि मालकाला किती, हा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वीच्या इमामांना झोप उडवण्याइतका मोठा वाटला होता. आपल्या जुम्याच्या बयानात तो तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?

१८७३ ला पाबना जिल्ह्यात युसूफशाही परगण्याच्या शेतकऱ्यांनी वेगळाच मार्ग धरला. कुळं बहुतेक मुसलमान, जमीनदार बहुतेक हिंदू. म्हणजे दंगल पेटवायला सगळं सामान तयार. तरीही त्यांनी काढली ती संघटना. वर्गणी गोळा करून कोर्टाचा खर्च उचलला, वाढीव खंड नाकारला, आम्ही थेट राणीची रयत होऊ म्हणाले. पुढारी कोण? ईशानचंद्र राय, शंभू पाल आणि खुदी मुल्ला. या रेट्याचा एक परिणाम म्हणजे १८८५ चा बंगालचा कूळकायदा. त्या कायद्याने कायम कुळाला संरक्षण दिलं, पण वाट्याने जमीन कसणारा बरगादार बाहेरच राहिला. कायद्याच्या लेखी तो कूळ नव्हताच.

तो बाहेर राहिला तो तब्बल साठ वर्षं. दरम्यान फजलुल हक यांची कृषक प्रजा पार्टी आली. १९३७ ला ‘दाल-भात’ देतो म्हणत हक साहेबांनी पटुआखालीत खुद्द ख्वाजा नाझिमुद्दीन यांना पाडलं, आणि मुख्यमंत्री होताना त्याच नाझिमुद्दीनना मंत्रिमंडळात घेतलं. सोबत ढाक्याचे नवाब, कासिमबाजारचे महाराज. हिंदू जमीनदार, मुसलमान जमीनदार, सगळे एका टेबलाभोवती. जमीनदारांची एकी कधी धर्मावरून मोडलेली मी वाचलेली नाही. काही कामं या सरकारने केली, ते नाकारायचं कारण नाही: आबवाब बंद करणारी कूळकायद्याची दुरुस्ती, कर्जाच्या तडजोडीची मंडळं, सावकारीला लगाम. बरगादाराच्या वाट्याला चौकशी आयोग आला. १९३८ मध्ये नेमलेल्या फ्लाउड आयोगाने १९४० मध्ये अहवाल दिला. बरगादाराला कूळ माना आणि मालकाला पिकाचा तिसरा हिस्सा पुरे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. अहवाल फडताळात गेला. मग १९४३ चा दुष्काळ. सुमारे तीस लाख माणसं मेली असं मानतात, आणि त्यात शहरातले फारसे नव्हते. धान पिकवणारे मेले.

जे जगले ते १९४६ च्या सुगीत उठले.

उत्तर बंगालात, दिनाजपूर, रंगपूर, जलपाईगुडीत, वाटेकऱ्याला ‘आधियार’ म्हणत. आधा म्हणजे अर्धा. आपल्याकडचा ‘अर्धेली’ हाच. बैल त्याचे, नांगर त्याचा, घाम त्याचा. कापणी झाली की सगळं धान जोतदाराच्या खळ्यात न्यायचं, मळणी तिथेच. जोतदार म्हणजे मोठ्या जमिनीचा गावातलाच धनी. अर्धं त्याचं बाजूला निघालं की उरलेल्या अर्ध्यातून कपात सुरू. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेलं धान दीडपटीने वळतं. खळं झाडल्याचं, राखणदाराचं, धर्मादायाचं, अमक्याचं, तमक्याचं. संध्याकाळी आधियार घरी जाताना टोपलीत काय असे? कित्येकांच्या टोपलीत नवं कर्ज असे.

बंगालच्या किसान सभेने सप्टेंबर १९४६ मध्ये मागणी पुढे ठेवली: तेभागा. तीन भाग करा. दोन आमचे, एक तुमचा. नवं काही नाही, सरकारच्याच आयोगाचं म्हणणं. पण तिला जोडून जे सांगितलं ते खरं धारदार होतं. धान जोतदाराच्या खळ्यात न्यायचंच नाही, आपल्या खळ्यात न्यायचं, आणि वाटणीला त्याने आपल्याकडे यायचं. मालकाला जो हिस्सा द्यायचा त्याची पावती घ्यायची. कर्जाच्या धानावरचं जुलमी व्याज बंद. पावती ही मागणी आज किरकोळ वाटेल. ज्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या एक कागद नव्हता, त्याच्यासाठी पावती म्हणजे आपण या जमिनीवर होतो याचा पुरावा.

महिने लक्षात घ्या. १६ ऑगस्ट १९४६ पासून कलकत्त्यात हजारो माणसं कापली गेली. ऑक्टोबरमध्ये नोआखाली. आणि त्याच बंगालात नोव्हेंबरपासून मुसलमान, राजबंशी आणि संताळ आधियार एकमेकांच्या शेतात उतरून एकमेकांचं धान कापत होते, कारण एकट्याने कापलं तर लठैत येऊन नेणार. बाया पुढे होत्या. पोलीस आले की शंख फुंकायचे, थाळ्या वाजवायच्या, आणि केरसुणी, मुसळ, विळा जे हाताला लागेल ते घेऊन उभं राहायचं.

दिनाजपूरचे पुढारी हाजी मोहम्मद दानेश. अलीगढचे एम.ए., वकील, हज केलेले, आणि कम्युनिस्ट. आपल्या आजच्या चर्चांमध्ये या चार गोष्टी एका माणसात मावतच नाहीत. हाजी असेल तर कम्युनिस्ट कसा, आणि कम्युनिस्ट असेल तर हाजी कसा, यावर तीन दिवस व्हॉट्सॲपवर दंगा होईल. आधियारांना तो प्रश्न पडला नाही.

४ जानेवारी १९४७. दिनाजपूरच्या चिरिरबंदर भागातलं तालपुकुर गाव. पोलिसांच्या गोळीने दोन माणसं मेली, समीरुद्दीन आणि शिवराम माझी. एक मुसलमान, एक संताळ. तेभागाचे हे पहिले हुतात्मे. २० फेब्रुवारीला खानपूरला पोलिसांनी गोळीबार केला, बावीस जण गेले. त्यात यशोदाराणी सरकार होत्या आणि मुसलमान, राजबंशी, आदिवासी सगळे होते.

या गोळ्या कुणाच्या सरकारच्या होत्या? इंग्रजांचं राज्य होतं हे खरं, पण बंगालात मंत्रिमंडळ मुस्लिम लीगचं होतं आणि मुख्यमंत्री हुसेन शहीद सुहरावर्दी. त्यांच्या सरकारने जानेवारीत बरगादारांचं विधेयक राजपत्रात छापलं, दोन तृतीयांश वाटा त्यात होता. जोतदार खवळले. त्यात लीगचे मुसलमान जोतदार होते आणि काँग्रेसवाले हिंदू जोतदारही. विधेयक गुंडाळलं गेलं आणि पोलिसांना मोकळीक मिळाली. ‘कौम खतरे में है’ म्हणून ज्यांनी समीरुद्दीनच्या जातभाईंची मतं घेतली, त्यांच्याच कारभारात समीरुद्दीन मेला. आमच्यातल्या ज्यांना वाटतं की आपला माणूस खुर्चीवर बसला की आपलं भलं झालं, त्यांनी हे वर्ष नीट वाचावं.

आणि नोआखालीही वाचावी, कारण तिथलं सामान तेच होतं. हिंदू जमीनदार-सावकार, मुसलमान कुळं, दुष्काळात पिचलेली. तिथला गुलाम सरवर हा पीर घराण्यातला माणूस १९३७ ला शेतकऱ्यांच्याच नावाने निवडून आला होता. १९४६ ला पडला, आणि त्याने शेतकऱ्याचा राग उचलून शेजाऱ्यांच्या घरांकडे वळवला. खून, जाळपोळ, जबरदस्तीने धर्मांतरं. जमीनदाराच्या पेढीबरोबर गरीब नामशूद्राची झोपडीही जळाली. त्यातून नोआखालीच्या एका तरी मुसलमान कुळाच्या टोपलीत एक शेर धान जास्त पडलं का? दिनाजपूरमध्ये राग तेवढाच होता. फरक असा की तिथे समिती होती, मागणी धानाच्या मापात सांगितलेली होती, आणि समोरचा जोतदार मुसलमानही होता नि हिंदूही, हे सगळ्यांना रोज डोळ्यांनी दिसत होतं. केरळच्या मलबारमध्येही असंच दुहेरी दिसतं. तिथले मापिला उठाव जमिनीच्या जुलमातून येतात, हे विल्यम लोगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकातच सरकारला लिहून दिलं होतं. आणि १९२१ च्या उठावात निरपराध हिंदूंवर अत्याचारही झाले. २०२१ मध्ये सरकारी इतिहास परिषदेच्या समितीने मापिलांची ३८७ नावं हुतात्म्यांच्या कोशातून काढायची शिफारस केली. त्याचं उत्तर ‘आमचे सगळेच फरिश्ते होते’ असं देऊन चालणार नाही. त्याचं उत्तर जन्मी, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, वसुलीच्या हिशेबाने द्यावं लागेल.

पाकिस्तान झालं. आधियाराचं काय झालं? राजशाहीच्या नाचोल भागात १९४९-५० मध्ये पुन्हा तेभागासाठी लढा उभा राहिला. इला मित्र यांना जानेवारी १९५० मध्ये पकडून पोलीस ठाण्यात जे हाल केले ते इथे लिहवत नाहीत. एप्रिलमध्ये राजशाही तुरुंगाच्या खापरा वॉर्डात गोळीबार होऊन सात कैदी मेले. त्यांत हनीफ शेख आणि देलवार होते, बिजन सेन आणि तेभागाचे कम्पराम सिंगही होते. मुसलमानांच्या देशात मुसलमान पोलिसांनी. इकडे पश्चिम बंगालात बरगादाराचं नाव सरकारी कागदावर चढवायची मोहीम, ऑपरेशन बरगा, सुरू व्हायला १९७८ उजाडलं. पुढे सुमारे चौदा लाख बरगादारांची नोंद झाली. समीरुद्दीनला जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

आता कुणी म्हणेल, बंगालचं बंगालला. महाराष्ट्रातला मुसलमान बहुतेक शहरी. गॅरेज, भंगार, फळगाडी, बेकरी. आपला शेताशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातली सुमारे एक दशांश जमीन ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे खुद्द निजामाची खासगी, आणि त्याहून कितीतरी जास्त जहागीरदारांची. आपल्याकडे निजामाच्या हिऱ्यांच्या गोष्टी अजून चवीने सांगतात. त्याच राज्यात, तेलंगणातल्या जनगाव तालुक्यात, शेख बंदगी नावाचा एक गरीब शेतकरी होता. विसनूरच्या हिंदू देशमुखाविरुद्ध जमिनीचा खटला लढला, आणि देशमुखाने त्याचा खून करवला. बादशहा मुसलमान, मरणारा मुसलमान, मारणारा बादशहाचा लाडका हिंदू देशमुख. पुढे १९४६ पासूनच्या तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात बंदगीची कबर ही शपथ घ्यायची जागा झाली, हिंदू शेतकऱ्यांचीसुद्धा. हिऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या किती जणांना बंदगी ठाऊक आहे?

कोकणात खोती होती. चित्पावन खोत, प्रभू खोत, मराठा खोत, आणि मुसलमान खोतही. कुळाने भात पिकवायचं, खोताने निम्मं न्यायचं, वर वेठ. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमीन कसायचं थांबवलं. सहा वर्षं जंगलातली लाकडं विकून, मोलमजुरी करून दिवस काढले, पण खोताचा नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकरी मुंबईत मोर्च्याने आले. त्या दिवशी मुसलमान खोत कोणत्या बाजूला होते हे सांगायला नको. आज बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक मोर्च्यात असतो, चांगलं आहे. पण त्यांनी मोडायला घेतलेल्या व्यवस्थेत आपलेही काही वाडे उभे होते, हे त्या फोटोखाली उभं राहून म्हणायची हिंमत असली पाहिजे.

आणि आज? १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, बरीच कुळं मालक झाली. पण वाट्याची शेती गेली नाही, ती कागदावरून गेली. आज मराठवाड्या-विदर्भात बटईने, ठोक्याने, अर्धेलीने जमीन कसणारा माणूस सातबाऱ्यावर कुठेच नाही. कूळ लागेल या भीतीने मालक लिहून देत नाही, दर दोन वर्षांनी बटईदार बदलतो. परिणाम असा की पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार मालकाला, पीककर्ज मालकाला, अतिवृष्टीची भरपाई मालकाला. विमा बटईदाराला मिळू शकतो म्हणतात, पण नोंदणी केलेला भाडेकरार दाखवा म्हणतात. आत्महत्या केली तरी मदतीसाठी आधी घरात कुणाच्या तरी नावावर जमीन होती का हे बघतात. २०१६ ला निती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा काढला, मालकाचा हक्क शाबूत ठेवून कसणाऱ्याची नोंद करायचा. त्याची चर्चा आपल्या कुठल्या बैठकीत झाली?

आपल्या बैठकीत चर्चा वक्फची होते. व्हायलाच हवी. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने सरकारचा हात वक्फच्या दारात आणखी आत आला आहे आणि त्याविरुद्ध लढलं पाहिजे. पण वक्फच्या शेतजमिनीवर नांगर कोण धरतो? मुतवल्ली तर धरत नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या ८८-ब कलमाने धार्मिक संस्थांच्या जमिनींना सूट दिली. देवस्थान असो की मशीद-दर्गा, त्या जमिनीवरचं कूळ मालक झालं नाही. कायद्याचा हेतू संस्थेचं उत्पन्न टिकावं हा होता. व्यवहारात ज्याच्या हातात संस्था त्याच्या हातात उत्पन्न, आणि कसणाऱ्याच्या हातात काहीच नाही, असं कित्येक ठिकाणी झालं. सरकारने वक्फवर हात टाकला की आपण म्हणतो ही जमीन अल्लाहची. मग दुदू मियाँचा पुढचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे: अल्लाहच्या जमिनीवर खंड खातो कोण, आणि त्याचा हिशेब कुठे लिहिलेला आहे?

वक्फ बचाव समित्यांनी निवेदनं द्यावीत, कोर्टात जावं. त्याच्याबरोबर तालुक्यातल्या वक्फ शेतजमिनींची एक यादी करावी: गट नंबर, क्षेत्र, मुतवल्लीचं नाव, आणि एक चौथा रकाना, आज प्रत्यक्ष कसणाऱ्याचा. त्या रकान्यात मुसलमान निघेल, मातंग निघेल, मराठा निघेल, पारधी निघेल. त्याला लेखी करार द्यावा, ठरलेला खंड द्यावा, दिलेल्या पैशाची पावती द्यावी. मुतवल्ली संघटनेतला असेल, देणगीदार असेल, तरीही. या खरिपात तुमच्या तालुक्यातल्या मशिदीच्या जमिनीवर सोयाबीन कुणी पेरलं आणि त्याच्या खिशात कागद आहे का, एवढं पुढच्या बैठकीच्या आधी बांधावर जाऊन विचारून या.